सुकाणूचे बळ आणि विजेचा पुरवठा



काही महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी आपला रेडिओनियंत्रित ट्रक काखेत घेऊन माझ्याकडे आला. खऱ्या वाहनाच्या एकदशांश आकाराचा, दगडधोंड्यांवर चढणारा तो ट्रक होता. पुढची चाके दोन दगडांच्या बेचक्यात सापडली की वळत नसत. म्हणून त्याने चार महिने पैसे साठवून मूळच्यापेक्षा दुप्पट जोराचा सर्व्हो आणून बसविला होता. परंतु नवा सर्व्हो बसविल्यापासून निराळाच प्रकार सुरू झाला. चाक दगडाला टेकले असताना सुकाणू फिरविले की सगळा ट्रक क्षणभर निपचित पडे आणि मग आपोआप जागा होई. सर्व्होच सदोष असावा असे समजून त्याने उसने पैसे घेऊन त्याहूनही मोठा सर्व्हो आणला. तेव्हा तर दुखणे वाढले. “सर, दोन्ही सर्व्हो खराब निघाले,” असे तो मला म्हणाला.

वास्तविक दोन्ही सर्व्हो धडधाकट होते. त्यांना पुरेशी वीज मिळत नव्हती, एवढेच काय ते उणे होते. ही चूक पुष्कळांच्या हातून होते आणि तिच्यापायी कष्टाचा पैसा वाया जातो. यास्तव सुकाणूचा सर्व्हो कसा निवडावा आणि त्याला वीज कशी पुरवावी, याचा विचार आज आपण करणार आहोत.

प्रथम सर्व्हो म्हणजे काय ते पाहू. काड्यापेटीएवढ्या डबीत एक लहानशी मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढविणारी दातेरी चाके, बाहेरचा दांडा किती फिरला हे सांगणारे एक साधन आणि या सर्वांवर हुकमत चालविणारे विद्युत्मंडल, एवढा संसार असतो. त्यातून तीन तारा बाहेर येतात. मधली, बहुधा लाल, तार धन असते. काळी किंवा तपकिरी ऋण. आणि उरलेली पांढरी, पिवळी वा नारिंगी तार आज्ञेची. रिसीव्हर या आज्ञेच्या तारेने दर सेकंदास साधारण ५० स्पंद पाठवितो. स्पंद दीड मिलिसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या हजारांश भागाच्या दीडपट असेल, तर चाके सरळ राहतात. तो एक मिलिसेकंदाकडे झुकला तर चाके एका बाजूस आणि दोनकडे झुकला तर दुसऱ्या बाजूस वळतात. म्हणजे एका तारेने हुकूम येतो आणि दोन तारांनी अन्न येते. हुकूम चोख आणि अन्न अपुरे असले, की कसलाही बलवान गडी थकणारच.

आता निवडीकडे वळू. सर्व्होच्या वेष्टनावर पहिला आकडा असतो तो टॉर्कचा, म्हणजे पिळण्याच्या जोराचा. तो किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये देतात. २५ किलोग्रॅम-सेंटिमीटरचा सर्व्हो दांड्याच्या मध्यापासून १ सेंटिमीटरवर २५ किलो वजनाइतका जोर लावतो; परंतु तोच हात अडीच सेंटिमीटर लांब केला तर टोकाशी १० किलोच उरतात. यास्तव महागडा सर्व्हो घेऊन त्यावर उगाच लांब हॉर्न, म्हणजे फिरता हात, बसविणे हे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखे आहे. हॉर्न इतकाच लांब असावा की चाके पुरती वळावीत.

दुसरा आकडा वेगाचा. दांडा ६० अंश फिरण्यास किती सेकंद लागतात, हे तो सांगतो. सपाट मैदानावर भरधाव पळणाऱ्या ट्रकाला ०.१० ते ०.१५ सेकंदांचा चपळ सर्व्हो हवा. दगडांवर सावकाश चढणाऱ्या ट्रकाला वेगाचे महत्त्व थोडे आणि जोराचे फार. अमेरिकेतील ट्रॅक्सास कंपनीने २०१७ साली बाजारात आणलेल्या टीआरएक्स-४ या ट्रकाचे उदाहरण घ्या. त्याच्या आसांवरील डिफरन्शियल दूरनियंत्रणाने कुलूपबंद करता येतात. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. पण डिफरन्शियल कुलूपबंद झाले की दोन्ही चाके सारखीच फिरतात आणि ट्रक सरळ जाण्याचाच हट्ट धरतो. तो हट्ट मोडण्याचे काम सुकाणूच्या सर्व्होवर येते. म्हणून अशा एकदशांश ट्रकांना २० ते ३५ किलोग्रॅम-सेंटिमीटरचा सर्व्हो बसविण्याची चाल पडली आहे.

हे दोन्ही आकडे वाचताना तिसरा आकडा नजरेआड होता कामा नये. तो विद्युत्दाबाचा. एकाच सर्व्होचा जोर ६ व्होल्टला एक, ७.४ व्होल्टला त्याहून जास्त आणि ८.४ व्होल्टला आणखी जास्त असतो. जाहिरातीत अर्थातच सर्वांत मोठा आकडा ठळक छापतात. आपल्या ट्रकात ६ व्होल्टच मिळत असतील, तर ६ व्होल्टसमोरचा आकडाच आपला. बाकीचे वाचून मन प्रसन्न करण्यापुरते.

लहानसहान गोष्टींचीही खातरजमा करावी. दातेरी चाके धातूची असावीत. दांड्यावरील खाचा हॉर्नशी जुळाव्यात. फुटाबा पद्धतीच्या दांड्याला २५, हायटेक पद्धतीच्या दांड्याला २४ आणि जेआर पद्धतीच्या दांड्याला २३ दाते असतात, आणि चुकीचा हॉर्न जोराने दाबून बसविल्यास दाते झिजतात. तसेच अनेक ट्रकांत सर्व्हो-सेव्हर नावाची स्प्रिंग असते. आघात झाला की ती दबते आणि सर्व्होचे दात वाचवते. ती मूळच्या दुबळ्या सर्व्होसाठी बेतलेली असेल, तर नवा सर्व्हो जोर लावील आणि स्प्रिंगच वाकत राहील. दगडांवर हळू चालणाऱ्या ट्रकात तिच्याऐवजी धातूचा ताठ हॉर्न चालतो. उड्या मारणाऱ्या ट्रकात मात्र ती काढू नये, अधिक ताठ स्प्रिंगची घ्यावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ट्रकातील बॅटरीची वीज प्रथम ईएससीकडे, म्हणजे मोटरच्या वेगनियंत्रकाकडे जाते. त्याच्याच पोटात बीईसी नावाचा एक छोटा नियामक असतो. तो बॅटरीचा दाब उतरवून ५ किंवा ६ व्होल्ट करतो आणि रिसीव्हरला देतो. रिसीव्हरमार्फत तीच वीज सर्व्होला मिळते. म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्हो एकाच ताटात जेवतात. साध्या वेगनियंत्रकांतील बीईसी २ ते ३ अँपिअर प्रवाह देऊ शकतो, आणि मूळच्या लहान सर्व्होला तो पुरतो.

पण मोटरचा एक स्वभाव ध्यानात घ्या. मोटर फिरत असताना ती स्वतःच एक उलटा दाब निर्माण करते आणि त्यामुळे तिच्यातून जाणारा प्रवाह आटोक्यात राहतो. ती अडकून उभी राहिली, की हा उलटा दाब शून्य होतो. मग प्रवाहाला अडविण्यास तारेच्या वेटोळ्याचा रोध तेवढा उरतो. समजा हा रोध दीड ओहम आहे आणि दाब ६ व्होल्ट आहे; ओहमच्या नियमाने प्रवाह झाला ४ अँपिअर. दगडात चाक अडकणे म्हणजे नेमकी हीच अवस्था. बीईसीची कुवत २ अँपिअरची आणि मागणी ४ची, तेव्हा त्याचा दाब कोसळतो. रिसीव्हरला लागणाऱ्या किमान दाबाच्या खाली तो गेला, की रिसीव्हर बंद पडतो. रिसीव्हर बंद पडला की सर्व्होचा जोर सुटतो. जोर सुटला की मागणी घटते, दाब पुन्हा चढतो आणि रिसीव्हर जागा होतो. माझ्या विद्यार्थ्याचा ट्रक निपचित पडून पुन्हा उठे, त्याचे कारण हेच. दुसरा सर्व्हो पहिल्याहून मोठा, म्हणजे त्याची भूकही मोठी. मग दुखणे वाढले यात नवल कसले?

दगडांवर चढणाऱ्या ट्रकाच्या बाबतीत हा केवळ मनस्ताप असतो. तीन-चार किलो वजनाचा ट्रक भरधाव असताना मात्र हा धोका आहे. संपर्क तुटल्यास मोटर थांबविण्याची फेलसेफ नावाची सोय रिसीव्हरमध्ये असते खरी; पण रिसीव्हरलाच वीज नसेल तर हुकूम देणार कोण? वेगनियंत्रकाने मोटर थांबविली तरी ट्रक घरंगळत पुढे जातोच, आणि समोर एखादे मूल उभे असले तर चाके वळविता येत नाहीत.

यावर तीन उपाय आहेत. पहिला असा, की ज्याच्या बीईसीचा दाब वाढविता येतो आणि कुवत मोठी आहे, असा वेगनियंत्रक घेणे. परंतु दाब वाढविण्यापूर्वी त्या ताटात आणखी कोण कोण जेवते हे पाहावे. टीआरएक्स-४मध्ये डिफरन्शियल कुलूपबंद करणारे आणि गिअर बदलणारे लहान सर्व्होही रिसीव्हरवरच असतात. मोठ्यासाठी वाढविलेला दाब धाकट्यांना सोसेलच असे नाही.

दुसरा उपाय स्वतंत्र बीईसीचा, आणि बहुतेकांना तोच सोयीचा पडतो. हा बीईसी थेट बॅटरीला जोडावा व त्याची वीज फक्त सुकाणूच्या सर्व्होला द्यावी. सर्व्होची आज्ञेची तार रिसीव्हरकडे जाईल. लाल तार मात्र रिसीव्हरला मुळीच जोडू नये, ती स्वतंत्र बीईसीलाच जोडावी, नाहीतर दोन नियामक एकमेकांशी झुंजतील. ऋण तार मात्र दोघांची सामाईक हवी. ती नसेल तर आज्ञेचा स्पंद कशाच्या तुलनेने मोजावा हे सर्व्होला कळत नाही आणि तो थरथरत राहतो. बसविण्यापूर्वी बीईसीचा दाब मीटरने मोजून घ्यावा. काही बीईसी कारखान्यातून ५ व्होल्टच्या आसपास लावून येतात, आणि तसाच जोडला तर सर्व्हो पूर्वीपेक्षाही लेचापेचा वाटतो.

तिसरा उपाय सर्व्हो थेट बॅटरीवर चालविण्याचा. दोन घटांच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचा नाममात्र दाब ७.४ व्होल्ट असला, तरी पूर्ण भरल्यावर तो ८.४ व्होल्ट असतो. तेव्हा ८.४ व्होल्ट सोसणाराच सर्व्हो घ्यावा. तीन घटांची बॅटरी १२.६ व्होल्टपर्यंत जाते. ती थेट जोडणे म्हणजे, सर्व्हो त्यासाठीच बनविलेला नसेल तर, त्याला जाळणे होय.

बीईसी निवडताना तो स्विचिंग जातीचा आहे ना, हे विचारावे. जुन्या लिनियर जातीचा बीईसी जादा दाब उष्णता करून उधळतो. १२.६ व्होल्टचे ६ करून २ अँपिअर दिले, तर १३ वॉट नुसत्या तापण्यात जातात. कपॅसिटर जोडून काम भागेल, असेही कोणी सुचवितात. हिशोब पाहा: ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३ अँपिअरची तूट भरू लागला, तर दीड मिलिसेकंदात दाब १ व्होल्टने घसरतो. क्षणिक झटका तो सावरील. उपाशी सर्व्होला जेवू घालणार नाही.

सर्व जोडून झाले की सर्व्होला आधी वीज देऊन मध्यावर येऊ द्यावे आणि मग हॉर्न बसवावा. ट्रान्समीटरवर दोन्ही बाजूंच्या वळणाची मर्यादा अशी लावावी की चाके आडकाठीला टेकण्यापूर्वीच सर्व्हो थांबेल. नाहीतर प्रत्येक वळणावर तो अडकलेल्या मोटरीचाच प्रवाह ओढील आणि तापून जाईल. शेवटी ट्रक खरबरीत जमिनीवर उभा ठेवून सुकाणू भराभर दोन्हीकडे फिरवावे आणि रिसीव्हरच्या दिव्याकडे पाहावे. दिवा स्थिर राहिला तर पुरवठा पुरेसा आहे. तो लुकलुकला, तर ट्रक मैदानात नेऊ नये.

माझ्या विद्यार्थ्याला आम्ही एक स्वतंत्र बीईसी आणून जोडून दिला. त्याची किंमत दुसऱ्या सर्व्होच्या मानाने किरकोळ होती. त्याने पहिलाच सर्व्हो परत बसविला, आणि अंगणातल्या जांभ्या दगडांच्या ढिगावर ट्रक विनातक्रार वळला. दुसरा सर्व्हो विकून त्याने उसने पैसे फेडले. विकताना थोडी खोट आली, ती तेवढी त्याला सोसावी लागली. आपल्यापैकी कोणी नवा सर्व्हो घेण्याच्या विचारात असतील, त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी आपल्या वेगनियंत्रकाचे माहितीपत्रक उघडून त्यातील बीईसीचे व्होल्ट आणि अँपिअर हे दोन आकडे कागदावर टिपून घ्यावेत, आणि तो कागद बरोबर न्यावा.