मेळघाटात मुक्काम कुठे करावा?

दिवाळीची सुट्टी लागली की दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर भागातील तरुण मंडळे, महिला मंडळे आणि शिक्षक मंडळी एक बेत हमखास आखतात. मुलांना घेऊन मेळघाटात दोन रात्री राहून यायचे. बेत चांगलाच आहे. आमची मुले काळ्या मातीच्या सपाट मुलखात वाढली. डोंगर त्यांना उत्तरेकडच्या निळ्या रेघेसारखा लांबून दिसतो. तो त्यांनी जवळून पाहावा, जंगलातली पहाट अनुभवावी, असे कोणाही आईबापाला वाटेल.

पण बेत आखताना गाडी किती रुपयांत ठरते, स्वयंपाकाला कोण येणार, भांडी कोणाच्या घरची, याचीच चर्चा अधिक होते. मुक्काम नेमका कुठे करायचा, हा प्रश्न मात्र “जागा पाहून ठरवू” असे म्हणून सोडून दिला जातो. सगळ्यांत आधी ठरवायची गोष्ट तीच आहे. म्हणून या लेखात आम्ही तेवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

आपली नदी आणि डोंगरातली नदी

आपण दर्यापूरकर खारपाणपट्ट्यातले. विहिरीचे पाणी मचूळ, म्हणून पिण्याचे पाणी शहानूर धरणातून येते. गावाजवळून वाहणारी चंद्रभागा चिखलदऱ्याच्या परिसरात उगम पावते आणि पुढे पूर्णेला मिळते. म्हणजे आपला आणि गाविलगडच्या डोंगरांचा पाण्याचा संबंध जुनाच आहे. परंतु आपल्या मुलांना ठाऊक असलेली नदी गाळाची, रुंद पात्राची आणि वर्षातले बरेच दिवस संथ असते. मेळघाटातली सिपना, गडगा, डोलार, खंडू, खापरा या नद्यांची जात वेगळी आहे. त्या तापीला मिळणाऱ्या, खडकांतून उतरत जाणाऱ्या नद्या आहेत. वर चिखलदऱ्याची उंची सुमारे १,१०० मीटर आणि आपले दर्यापूर तीनशे मीटरच्याही खाली. एवढ्या उतारावर पडलेला पाऊस जमिनीत मुरत बसत नाही. नाल्यानाल्यांतून तो थोड्याच वेळात नदीत येतो. आपल्या डोक्यावर चांदणे असते आणि दहा-पंधरा किलोमीटर वर पाऊस कोसळत असतो.

शिवाय आमच्या बहुतेक मुलामुलींना पोहता येत नाही. स्वच्छ, खळाळते पाणी दिसले की ती आनंदाने धावतात. वर गुडघाभर दिसणारे पाणी खडकाच्या कडेला एकदम पुरुषभर खोल डोहात उतरते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. जागा निवडणाऱ्या मोठ्या माणसांनी हे आधी मनात धरले पाहिजे.

दूरच्या दोन गोष्टी

स्पेन देशात पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी बिएस्कास नावाचे गाव आहे. तिथे तंबूंसाठी सरकारी परवानगीने एक मैदान तयार केले होते. सपाट, झाडीचे, पाण्याजवळचे. पण ते मैदान मुळात एका डोंगरी ओढ्यानेच आणून टाकलेल्या दगडगोट्यांचे होते. ओढ्याला बांधीव पाट करून बाजूला वळवले होते, एवढेच. ७ ऑगस्ट १९९६ च्या सायंकाळी वर मुसळधार पाऊस झाला. ओढा आपल्या जुन्या वाटेने आला आणि ८७ माणसे मरण पावली. पुढे २००५ मध्ये तिथल्या न्यायालयाने शासनसंस्थांना जबाबदार धरले. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

दुसरी गोष्ट ताजी आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ग्वाडालूप नदीच्या काठी मुलींचे एक जुने उन्हाळी शिबिर भरत असे. ४ जुलै २०२५ च्या पहाटे, मुली झोपेत असताना नदीला लोंढा आला. त्या शिबिरातील २७ मुली आणि त्यांच्या तरुण मार्गदर्शक प्राणास मुकल्या. त्या देशाजवळ पैसा, यंत्रे, हवामानाचे इशारे, कशाचीही वाण नव्हती. तरीही नदी आली तेव्हा मुली तिच्या वाटेवर झोपलेल्या होत्या.

आपल्याकडेही असे घडले आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वरच्या धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. त्या वेळी पाऊसही नव्हता. लोणावळ्यात ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण गेले.

वाचकांना घाबरवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पूर थांबवणे आपल्या हाती नाही. त्याच्या वाटेवर अंथरूण न टाकणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.

जमीन कोणाची?

मेळघाट म्हणजे मोकळे रान, कुठेही उतरावे आणि चूल मांडावी, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटचा समावेश होता. पुढे १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. तिथे कचरा टाकणे, प्राण्यांना त्रास देणे आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणे हे गुन्हे आहेत. म्हणून नदीकाठी स्वतःचा तंबू ठोकण्याचा विचार सोडून द्यावा. वनविभागाने जिथे निवासाची सोय केली आहे, तिथेच जागा आधी राखून घ्यावी.

जंगलात काही ठिकाणी फार सुंदर, सपाट, गवताळ मैदाने दिसतात. मुले म्हणतील, “इथंच राहू.” त्यांना सांगावे की यांतल्या काही जागी कालपर्यंत गावे होती. कोहा, कुंड, बोरी ही गावे या शतकाच्या सुरुवातीला जंगलातून उठवून अकोटच्या बाजूला वसवली गेली. नंतर आणखीही गावे हलली. पुनर्वसनाच्या ठिकाणी सोयी मिळाल्या नाहीत, अशा तक्रारी करीत काही कुटुंबे २०१९ च्या जानेवारीत पुन्हा जंगलात गेली आणि वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्षही झाला. ज्या मातीतून माणसे उठवली गेली, तिच्यावर आपण सहलीची पंगत मांडू नये, एवढे भान आपल्या समाजाला वेगळे शिकवावे लागू नये.

पायथ्याशी दुसरे चित्रही आहे. अचलपूर तालुक्यातील पायविहीर गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गावकऱ्यांनी उजाड टेकडीवर झाडे वाढवली, सीताफळांचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला आणि गावाचे नाव देशभर झाले. अशा गावाच्या रानात उतरायचे असेल तर ग्रामसभेला विचारावे. मुलांनाही कळेल की जंगलाला धनी असतो आणि तो आपल्यासारखाच कष्टाचा माणूस असतो.

चार जागा, चार स्वभाव

चिखलदरा सर्वांच्या ओळखीचा आहे. उंचावर असल्यामुळे पुराची भीती नाही. दवाखाना, बाजार, एस.टी. जवळ. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले बरोबर असतील तर इथेच राहावे. मात्र सुट्टीत गर्दी फार, कडे उघडे आणि थंडीच्या दिवसांत रात्री गारठा जबर. दरीच्या कडेवर मुलांना एकटे सोडू नये.

सेमाडोह परतवाडा–धारणी रस्त्यावर, सिपनेच्या खोऱ्यात आहे. वनविभागाचे पर्यटन संकुल, सामूहिक निवास आणि जंगलाची माहिती देणारे संग्रहालय आहे. चाळीस-पन्नास मुलांचे शिबिर असेल तर आमच्या मते ही जागा सोयीची. खर्च वाटला जातो आणि सगळी मुले एका नजरेखाली राहतात. नदी जवळ आहे, म्हणून पात्रात उतरण्याची वेळ आणि जागा वनरक्षकाला विचारूनच ठरवावी.

कोलकास सेमाडोहपासून धारणीच्या बाजूला सुमारे पंधरा किलोमीटर. इथले विश्रामगृह सिपनेच्या वळणावर, पण पात्रापासून चांगले उंच बांधलेले आहे. जागा कशी निवडावी हे शिकायचे असेल तर कोलकासला उभे राहून खाली पाहावे. नदी पुरती दिसते, तिचा आवाज येतो आणि तरीही पाणी आपल्यापर्यंत येत नाही. खोल्या थोड्या, त्यामुळे एक-दोन कुटुंबांसाठी ठीक.

अकोटच्या बाजूचे शहानूर हे नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याचे ठिकाण. पूर्णेकाठच्या गावांना हे जवळ पडते. दिवसा किल्ला आणि रात्री पायथ्याशी मुक्काम, असा कार्यक्रम मोठ्या मुलांसाठी चांगला. किल्ल्याच्या दगडी भिंतींवर आग्या मोहोळे असू शकतात. तिथे धूर, अत्तर आणि दगडफेक या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

जागेवर पोहोचल्यावर

राखून ठेवलेल्या जागीही डोळे उघडे ठेवावे लागतात. पुढील गोष्टी बरोबरच्या शिक्षकांनी आणि महिलांनी स्वतः पाहाव्यात.

१. नदीकाठच्या झुडपांत वाळलेले गवत, काटक्या, चिंध्या किती उंचीवर अडकल्या आहेत ते पाहावे. मागचा पूर तिथपर्यंत आला होता. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि गाडी उभी करण्याची जागा त्या रेषेच्या बरीच वर हवी.

२. वाळूचा पट्टा, नदीचे बेट, दोन नाल्यांचा संगम आणि कोरडा नाला या जागा कितीही मऊ व सावलीच्या असल्या तरी वर्ज्य समजाव्यात.

३. रात्री निघावे लागले तर वाट कोणती? त्या वाटेवर बुडणारा पूल किंवा फरशी असेल तर ती वाट धरू नये. उंचावर पायी जाण्याची एक वाट दिवसाउजेडी मुलांना दाखवून ठेवावी.

४. पाणी गढूळ झाले, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा नदीचा आवाज बदलला, तर विचार करीत बसू नये. मुलांना तत्काळ वर न्यावे. सामान राहू द्यावे.

५. माथ्यावर वाळलेली फांदी किंवा पोखरलेले झाड नसावे. खोलीभोवती पालापाचोळ्याचे ढीग नसावेत. तिथे साप-विंचू दडतात.

६. संडास खोलीपासून किती लांब आहे आणि वाटेवर दिवा आहे काय? मुली आणि स्त्रियांसाठी हा प्रश्न पहिला आहे. जवळचे, उजेडाचे संडास नसेल तर ती जागा कुटुंबाची नव्हे. अंधारात रानात जाणे म्हणजे अस्वल किंवा बिबट्याशी गाठ पडण्याचा धोका पत्करणे.

७. दवाखाना किती अंतरावर आहे? सेमाडोह व हरिसालला प्राथमिक आरोग्य केंद्रे, तर धारणी व अचलपूरला उपजिल्हा रुग्णालये आहेत. मोबाईल सगळीकडे लागत नाही. १०८ चा फोन कुठून लागतो ते आधी विचारून ठेवावे. साप चावल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. मच्छरदाण्या घरूनच न्याव्यात.

पाणी, माणसे आणि हंगाम

मेळघाटात पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो. तरीही चिखलदरा तालुक्यातील काही गावांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. डोंगरावरचे पाणी वाहून जाते आणि माणसे कोरडी राहतात. पाण्याची किंमत खारपाणपट्ट्यातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. म्हणून कोरकू बांधवांच्या हातपंपावर पन्नास मुलांच्या आंघोळी उरकू नयेत. पिण्याचे पाणी शक्य तेवढे सोबत न्यावे आणि नदीचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

कोरकू भाषा ही संथाळी, मुंडारी यांच्या कुळातली. ती मराठीची किंवा हिंदीची बोली नाही. मुलांनी दोन-चार शब्द विचारून घ्यावेत. वयाने मोठ्या माणसाला दादा, बाई, मावशी म्हणून हाक मारावी. न विचारता घरात डोकावू नये, उघड्या पोरांचे फोटो काढू नयेत. भाकरी, दूध, सरपण जे घेऊ त्याचे दाम द्यावेत.

हंगामाविषयी थोडे. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पातील पर्यटन बरेचसे बंद असते. तारखा दरवर्षी वनविभागाकडे विचाराव्यात. पावसाळ्यात भिक्खूंनी एकाच ठिकाणी राहावे, असा वर्षावासाचा नियम आहेच. पावसात हिंडताना हिरवे गवत आणि लहान जीव तुडवले जातात, हे त्याचे कारण विनयात सांगितले आहे. आपल्यालाही तो विचार पटण्यासारखा आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात, तेव्हा पहाटे मोहाखाली अस्वले येतात. त्या दिवसांत पहाटेची भटकंती वाटाड्याशिवाय करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मुलांसाठी उत्तम. पांघरुणे मात्र भरपूर न्यावीत. आणि केव्हाही गेलो तरी उजेड असतानाच मुक्कामी पोहोचावे.

पूर्वी मूर्तिजापूर–अचलपूर शकुंतला गाडीने आपली माणसे डोंगराच्या पायथ्याशी जात. ती गाडी आता बंद आहे. स्वतःची वाहने आली, त्यामुळे कुठेही थांबता येते आणि म्हणूनच कुठे थांबू नये हे कळणे गरजेचे झाले आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत भाड्याचा आणि शिदोरीचा विषय निघण्याआधी दोघा-तिघांनी जाऊन जागा पाहून यावे. त्यांत एक तरी महिला असावी. नदी किती खाली आहे, वर जाण्याची वाट कुठे आहे, संडास कुठे आहे, दवाखाना किती दूर आहे, हे कागदावर लिहून आणावे आणि तो कागद मुलांच्या आईवडिलांना वाचून दाखवावा. त्यांनी होकार दिला की मग खुशाल गाडी ठरवावी.