दुकानाचा विमा कितीला पडतो? आमच्या कृषी केंद्राचा हिशोब

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. प्रश्न तुमच्यापैकीच काहींचा होता: "दादा, छोट्या दुकानाच्या विम्याला खर्च किती येतो?"

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विमा म्हटलं की आधी पीक विमाच आठवतो. 2023 च्या खरिपापासून तो एका रुपयात मिळत होता. 2025 च्या खरिपापासून ते बंद झालं आणि कपाशीसाठी शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा विमा रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे विमा तेव्हाही एक रुपयाचा नव्हताच, बाकीचे पैसे सरकार भरत होतं. दुकानाच्या विम्यात मात्र असं कुणी भरत नाही. तरीही तो बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा स्वस्त असतो. कसा, ते आमच्याच घरच्या गोष्टीवरून सांगतो.

जुलै 2023

22 जुलै 2023 चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक अडकले होते आणि हवाई दलाचं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं होतं. त्याच पावसात बाबांच्या कृषी केंद्रातही पाणी शिरलं. खताच्या पोत्यांच्या खालच्या थप्प्या भिजल्या, बियाण्यांची पाकिटं फुगली. नुकसान साधारण 3 लाखांचं.

बाबा निवांत होते, कारण विमा होता. बँकेनं सीसी कर्ज देताना 6 लाखांची पॉलिसी काढली होती आणि प्रीमियम दरवर्षी खात्यातून कापला जायचा. मी एकदा विचारलंही होतं, आपण वेगळा विमा काढायचा का? बाबा म्हणाले, "बँकेनं काढला ना इमा, मंग आपण अजून पैसे काहून घालाचे?"

सर्व्हेअर आला. त्यानं विचारलं, पाणी शिरलं त्या दिवशी दुकानात एकूण माल कितीचा होता? बाबांनी सगळी बिलं पुढे ठेवली. हंगाम ऐन भरात होता, माल 12 लाखांचा निघाला. जास्त माल दाखवला तर जास्त भरपाई मिळेल, असं आम्हाला वाटत होतं. झालं उलटंच.

माल 12 लाखांचा आणि विमा 6 लाखांचा, म्हणजे आम्ही निम्म्याच मालाचा विमा घेतला होता. मग नुकसानही निम्मंच मिळणार. 3 लाखांचे दीड लाख झाले आणि त्यातूनही पॉलिसीत लिहिलेली सुरुवातीची ठरावीक रक्कम वजा झाली. यात कुणी फसवलं नव्हतं. नियमच तसा आहे, याला 'अंडरइन्शुरन्स' म्हणतात. बँकेनं तिच्या कर्जाएवढा विमा काढला होता. उरलेल्या मालाची काळजी आमची आम्ही करायला हवी होती.

मग वाचवले किती?

आमचा दर हजाराला दीड रुपया होता. आणखी 6 लाखांचा विमा घेतला असता तर 900 रुपये लागले असते. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 162 रुपये. एकूण 1,062. म्हणजे वर्षाचे हजार रुपये वाचवले आणि दीड लाख गमावले. त्या वर्षी माझ्या कॉलेजची फी उसनवारीवर भरली, हे बाबा अजून कुणाला सांगत नाहीत.

प्रीमियम ठरतो कसा?

पहिली गोष्ट, धंदा कोणता. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी असते, एक ठिणगी पुरते. किराणा दुकानाला तेवढा धोका नसतो, म्हणून दर वेगळे. दुसरी गोष्ट, जागा कशी: पक्की इमारत की टिनाचं शेड. तिसरी, विमा रक्कम किती. वरून जीएसटी. नियमित जीएसटी भरणाऱ्याला त्याचं क्रेडिट घेता येऊ शकतं, कंपोझिशनवाल्याला नाही.

1 एप्रिल 2021 पासून छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आली आहे. एका जागेवरची इमारत, यंत्रं, माल असं सगळं मिळून 5 कोटींपर्यंत असेल तर ती चालते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे तिच्यात येतं. कुलूप तोडून केलेल्या चोरीसाठी मात्र वेगळा विमा लागतो.

आणि यात एक सवलत आहे. विमा रक्कम मालाच्या किमतीपेक्षा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी कपात होत नाही. म्हणजे आमच्या 12 लाखांच्या मालाला 10 लाख 20 हजारांचा विमा असता, तरी निभावलं असतं.

आज दुकान बंद करताना एवढं करा

1. पॉलिसी शोधा. बँकेनं काढली असेल तर प्रत मागून घ्या. त्यात रक्कम किती आणि पत्ता कोणता, ते बघा. गोदाम वेगळ्या जागी असेल तर त्याचाही पत्ता हवा.

2. विमा रक्कम वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या दिवसाची धरा, तीही खरेदीच्या किमतीनं. कृषी केंद्राचा जून, कापडवाल्याची दिवाळी. मार्चचा रिकामा स्टॉक बघून आकडा टाकू नका. मध्येच माल वाढला तर विमा रक्कम वाढवून घेता येते.

3. बिलांचे फोटो मोबाईलमध्येच नको, ड्राइव्हवरही ठेवा. आमची बिलं लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात होती म्हणून वाचली.

4. दुकानात काम करणाऱ्या पोराचाही विचार करा. बँक खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं.

आता दर मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे एक काम ठरलेलं असतं. बाबा थप्प्या मोजतात, मी कॅल्क्युलेटर धरतो. मागच्या वेळी आकडा पक्का झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, "फोन लाव इमावाल्याले, वाढवून घे."

तुमच्या घरी दुकान असेल तर आज जेवताना हा विषय काढा. भेटू पुढच्या भागात!