‘ची’ बाजूला ठेवली तरी चीगोंग उरते

दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी जगभर ताई ची आणि चीगोंग या श्वास व सावकाश हालचालींच्या चिनी व्यायामप्रकारांचा दिवस होतो. अशा दिवशी हजारो वर्षांच्या परंपरेचा दाखला हमखास दिला जातो. परंपरा जुनी आहेच. चीनमधल्या मावांगदुई इथल्या इ.स.पू. 168 मधल्या थडग्यात 1973 साली एक रेशमी पट सापडला, त्यावर व्यायाम करणारी चाळीसहून अधिक माणसे रंगवलेली आहेत. पण आजची चीगोंग बरीचशी 1950च्या आसपास घडली. हेबेई प्रांतातला लिऊ ग्वेईझेन हा कम्युनिस्ट कार्यकर्ता पोटातल्या अल्सरने खंगून गावी परतला आणि तिथे एका जाणकाराकडून श्वसनाभ्यास शिकला. तो बरा झाल्यावर पक्षाने तोच अभ्यास दवाखान्यात आणला. जुन्या मंत्रांच्या जागी तब्येतीविषयीची साधी वाक्ये आली, गुरूच्या जागी डॉक्टर आला. म्हणजे चीनमध्येच ही विद्या गरजेप्रमाणे बदलली गेली. तेव्हा तिचे वय हा तिच्या गुणाचा पुरावा धरता येत नाही.

पुरावा हवा तर तो चाचण्यांत शोधावा, आणि तो तिथे आहे. ताई ची ही चीगोंगची सख्खी बहीण. अमेरिकेत ओरेगॉनमधले संशोधक फूझोंग ली यांनी 2012 मध्ये पार्किन्सनच्या 195 रुग्णांवर केलेल्या चाचणीत ताई चीने तोल स्पष्टपणे सुधारला. 2018 मध्ये त्यांनीच सत्तरी ओलांडलेल्या, पडण्याचा धोका असलेल्या 670 जणांवर चाचणी केली. नुसते स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणाऱ्यांचे पडणे 58 टक्क्यांनी कमी झाले, आणि मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही 31 टक्क्यांनी. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की घरादाराचे काय होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्यांचे मोल सांगायला नको.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आपण काय करतो आहोत हे व्यायाम करणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे अवघड जाते. वेदना किंवा झोपेबाबत हा आक्षेप मी मान्य करते. पडण्याच्या मोजणीत मात्र त्याचे वजन कमी होते. दुसरा आक्षेप ‘ची’वर, म्हणजे शरीरात वाहणाऱ्या प्राणशक्तीवर. ती कोणत्याही यंत्रावर दिसलेली नाही. 1980च्या दशकात चीनमध्ये चीगोंगची लाट आली, तेव्हा दुरून ऊर्जा सोडून रोग बरे करण्याचे दावे झाले, आणि कॅन्सरच्या रुग्णाला उपचारांपासून दूर नेणारा असा दावा जीवघेणाच. तो निःसंकोच नाकारावा. पण त्यासोबत व्यायाम टाकून देऊ नये. तोल सुधारण्यामागे साधी कारणे दिसतात: एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश वजन नेणे, किंचित वाकलेले गुडघे, श्वासावर ठेवलेले लक्ष. आणि ‘ची’ची भाषा शिकवताना कामी येते. बादुआनजिन या आठ हालचालींच्या संचातली पहिली हालचाल ‘दोन्ही हातांनी आकाश पेलणे’ अशी सांगतात. ‘हात वर करा’ म्हटले की फक्त हात वर जातात. आकाश पेलायचे म्हटले की पाठीचा कणाही आपोआप ताठ होतो.