एकेचाळीस किलोमीटरवरचे जिवाणू

पृथ्वीवरचं जीवन अवकाशातून आलं असावं, ही कल्पना स्वांते अर्हेनियस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. सत्तरच्या दशकापासून फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंगे यांनी ती लावून धरली. तिचा प्रयोगाने सोक्षमोक्ष लावायचं मात्र हॉयल यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी मनावर घेतलं.

जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून एक महाकाय फुगा सोडला गेला. तो ४१ किलोमीटरपर्यंत चढला. जमिनीवरची धूळ इतक्या उंचीवर सहसा पोचत नाही, म्हणून तिथे जिवाणू मिळाले तर ते वरून उतरले असण्याची शक्यता तपासण्याजोगी ठरते. फुग्याखाली स्टेनलेस स्टीलच्या निर्जंतुक, निर्वात नळकांड्या द्रव निऑनमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. ठरलेल्या उंचीवर झडप उघडली की आत शिरलेली हवा गारठलेल्या भिंतींवर गोठायची आणि मागून आणखी हवा ओढली जायची.

नमुन्यांत पेशी मिळाल्या आणि लगेच शंकाही आली: हा संसर्ग जमिनीवरचाच नसेल कशावरून? म्हणून २००५ मध्ये प्रयोग पुन्हा झाला. एक नळकांडी तुलनेसाठी न उघडताच परत आणली. हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थांनी स्वतंत्रपणे तपासणी केली. २००९ मध्ये जिवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. एकीला हॉयल यांचं नाव मिळालं, दुसरीला हा प्रयोग राबवणाऱ्या इस्रोचं, तिसरीला आर्यभटाचं. अतिनील किरणांपुढे त्या आपल्या जवळच्या भाईबंदांपेक्षा चिवट होत्या.

पण हे भाईबंद पृथ्वीवरचेच. आर्यभटाच्या नावाची जात तर पुढे पिकांच्या मुळांजवळच्या मातीतही सापडली. त्यामुळे हे जिवाणू खालूनच वर गेले असावेत, असं मानायला आज अधिक आधार आहे. त्यांचा उगम परग्रहावरचा असल्याचं सिद्ध झाल्याचा दावा इस्रोनेही केला नव्हता.

जीवनाच्या कच्च्या मालाबद्दलचा पुरावा मात्र भक्कम होत गेला. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत अमिनो आम्लं मिळाली होती. बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या मातीत सजीवांच्या २० अमिनो आम्लांपैकी १४, शिवाय डीएनए-आरएनएचे पाचही नत्रयुक्त घटक असल्याचं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं.

त्याच वर्षी मे महिन्यात नारळीकर गेले. हवेत राहिलेला प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर आणला, हे त्यांचं ऋण मोठं आहे. ते फेडायचं तर फुगा पुन्हा चढायला हवा. या वेळी जिवाणू वाढवण्याआधीच मूळ पेशींतल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजावं. ते पृथ्वीपेक्षा स्पष्ट वेगळं निघालं, तर अर्हेनियसच्या कल्पनेला पहिल्यांदाच ठोस आधार मिळेल.