लोखंडवाला ते खार

अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या स्वाती इमारतीला १६ नोव्हेंबर १९९१ रोजी पोलिसांचा वेढा पडला. आत माया डोळस, दिलीप बुवा आणि त्यांचे साथीदार. भरदिवसा, भरवस्तीत तासन्‌तास गोळीबार चालला आणि सात गुंड मारले गेले. मोहीम आफताब अहमद खान यांची. लॉस एंजेलिस पोलिसांच्या स्वॉट पथकावरून त्यांनी मुंबईत दहशतवादविरोधी पथक उभं केलं होतं. पुढे त्या चकमकीवर सिनेमा निघाला, वाद झडले. पोलीस ठाण्यातल्या साध्या हवालदाराच्या शिक्षणात तिने काय भर घातली, याची चौकशी मात्र फारशी कुणी केली नाही.

शिक्षणातली ती उणीव २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री उघडी पडली. सीएसटी स्थानकावर हल्लेखोरांच्या एके-४७ समोर पोलिसांच्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. रेल्वे सुरक्षा दलाचे झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल हिसकावून गोळी झाडली, मग हाताला लागलेली प्लास्टिकची खुर्ची भिरकावली! गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या हाती लाठी होती. त्यांनी हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी घट्ट धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. हिमतीत कुणी कमी नव्हतं. पण दारूगोळ्याअभावी क्यूआरटी या पोलिसांच्या शीघ्र प्रतिसाद पथकाचासुद्धा गोळीबाराचा सराव वर्षाहून जास्त काळ बंद होता, हे हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने नंतर नोंदवलं.

हल्ल्यानंतर वर्षभरात ‘फोर्स वन’ हे कमांडो पथक उभं राहिलं. सुमारे ३,००० इच्छुकांतून २१६ जण निवडले गेले, तळासाठी गोरेगावात जागा मिळाली. खोलीत आधी कोण शिरणार, पाठीशी कोण, आडोसा न सोडता नेम कसा धरायचा, हे इथे अंगवळणी पाडलं जातं.

पवईतल्या एका स्टुडिओत ३० ऑक्टोबर २०२५ ला १७ मुलं ओलीस धरली गेली, तेव्हा पोलीस स्वच्छतागृहाच्या वाटेने आत घुसले. मुलं सुखरूप सुटली. ओलीस धरणारा गोळीने मेला. त्याला जिवंत पकडता आलं नसतं का, हा प्रश्न लगेच उठला, आणि तो उठायलाच हवा होता.

पवईत निदान पथक होतं, विचाराला थोडा वेळ होता. नाक्यावरच्या पोलिसाकडे यातलं काहीच नसतं. ऑगस्ट २०१६ मध्ये खारच्या पेट्रोल पंपावर वाहतूक हवालदार विलास शिंदे यांनी विनाहेल्मेट पोराला अडवलं. पोराने भावाला बोलावलं, भावाने शिंदेंच्या डोक्यात दांडका घातला. ३१ ऑगस्टला शिंदे गेले. कमांडो पथकांवर खर्च झाला, तो योग्यच. गाडी अडवताना उभं कुठे राहावं, पाठ कधी फिरवू नये, एकट्याने किती ताणावं, हे मात्र नाक्यावरचा शिपाई अजून बहुधा जुन्या हवालदाराकडे बघूनच शिकतो.