डागाळलेले दात आणि गावाकडचे पाणी

ईडन प्रेरीत नळाचे पाणी पिताना आम्ही निश्चिंत असतो. मिनेसोटाच्या कायद्यानुसार नगरपालिकेच्या पाण्यातील फ्लोराइड लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमच्या आसपास राखले जाते व त्याचे नियमित मोजमाप होते. एवढ्या प्रमाणात ते दातांची कीड रोखते. मात्र चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलात ते १.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडते, आणि वर्षानुवर्षे प्यायल्यास विष ठरते.

हे फ्लोराइड बहुतांशी खडकातून येते. ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकांतील खनिजे पाण्यात हळूहळू विरघळतात. खोल विंधनविहिरीत पाण्याचा खडकाशी सहवास दीर्घ असतो. रंग, वास वा चवीवरून ते ओळखता येत नाही. उकळल्याने पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच उरते.

पहिली खूण मुलांच्या दातांवर उमटते: पांढरे आडवे पट्टे, पुढे पिवळे-तपकिरी डाग, कधी खड्डे. हे डाग दात हिरडीत घडत असतानाच पडतात. घासून जात नाहीत. मोठेपणी सांधे आखडतात, मान व कंबर वाकत नाही. हाडांतील पुढच्या टप्प्यातील बदल पूर्ववत होत नाहीत. अशा तक्रारींना इतरही कारणे असतात. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच व्हावे.

असे दात पाहून ‘घासत नाहीस का?’ असे विचारणे अन्यायाचे आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अस्वच्छ म्हणून हिणवले गेले, त्याने तरी पाण्याचा दोष माणसाच्या माथी मारू नये. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. ते पाणी निर्धोक असणे हा त्याच हक्काचा भाग आहे, असे आम्ही मानतो.

म्हणून गावी फोन कराल तेव्हा हातपंपाचे पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा आग्रह धरा. फ्लोराइड अधिक निघाल्यास पिण्यास व स्वयंपाकास दुसरा स्रोत शोधावा. तो नसेल, तर आरओ यंत्र किंवा नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेली तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत उपयोगी पडते.

इथल्या घरांतही एक दक्षता हवी. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढीच टूथपेस्ट द्यावी. मुलाने ती बरीच गिळली आणि मळमळ, उलटी वा पोटदुखी झाली, तर १-८००-२२२-१२२२ या विषबाधा मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा.

जय भीम!