वक्र गेमिंग मॉनिटर : किफायतशीर निवड कशी करावी?

द्वारका (नवी दिल्ली) : मर्यादित खर्चात वक्र गेमिंग मॉनिटर घेताना लक्ष बहुधा पडद्याच्या आकाराकडे जाते, उपयुक्तता मात्र अन्य आकड्यांवर ठरते.

‘१५००आर’ म्हणजे १,५०० मिलिमीटर त्रिज्येची वक्रता. आकडा जितका लहान, तितका बाक अधिक. ६० हर्ट्झच्या पडद्यावर नवे चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी, तर १४४ हर्ट्झवर दर ६.९ मिलिसेकंदांनी उमटते. मात्र ग्राफिक्स कार्ड तितकी चित्रे निर्माण करत नसेल, तर या वेगासाठी मोजलेले पैसे वाया जातात.

स्वस्त वक्र मॉनिटरमध्ये बहुधा व्हीए पॅनेल असते. त्यात काळा रंग गडद दिसतो; परंतु अंधाऱ्या दृश्यांत हलत्या वस्तूंमागे छाया रेंगाळू शकते. १९२०×१०८० रिझोल्यूशनमध्ये २४ इंची पडद्यावर प्रतिइंच सुमारे ९२ बिंदू, तर २७ इंचीवर ८२ मिळतात. अभ्यासही त्यावरच करायचा असल्यास लहान पडद्यावरील अक्षरे अधिक रेखीव दिसतात.

सप्टेंबर २०२५ मधील जीएसटी कपात ३२ इंचांहून मोठ्या पडद्यांसाठी होती. लहान मॉनिटरवर आधीपासूनच १८ टक्के कर आहे. त्यामुळे ‘करकपातीची सवलत’ तेथे लागू होत नाही.

द्वारकेतील ग्राहकांना मंडी हाउसला मेट्रो बदलून नेहरू प्लेसचा संगणक बाजार गाठता येतो. तेथे अंधारे, वेगवान दृश्य लावून पाहिल्यावरच निर्णय घेणे हिताचे.